पायरीवर बसलेले विद्यार्थी

सायंकाळी साडेसहाच्या सुमारास कोणत्याही मध्यमवर्गीय वस्तीतील संगीतवर्गाच्या दाराशी गेले, तर एक दृश्य हमखास दिसते. आत सतरंजीवर दहा-बारा मुले बसलेली असतात आणि पेटीच्या साथीने भूपाचे आरोह-अवरोह घोटत असतात. बाहेर पायरीवर त्यांच्या आया, क्वचित वडील, एखादे आजोबा बसलेले असतात. कुणाच्या हातात भाजीची पिशवी असते, कुणाच्या हातात भ्रमणध्वनी. तास संपेपर्यंत वाट पाहणे एवढेच त्यांचे काम. आत एखाद्या मुलाने आरोहात चुकून मध्यम लावला, तर वर्गातील बाईंच्याही आधी पायरीवरच्या एखाद्या आईच्या कपाळावर आठी उमटते. तीन-चार वर्षे त्या पायरीवर बसून तिचा कान तयार झालेला असतो. भूपात मध्यम नसतो हे तिला कुणी शिकविलेले नसते. तरीही ते तिला कळते. या विद्यार्थिनीचे नाव मात्र हजेरीपटावर नाही. तिला आत ये, असे कुणी म्हणत नाही आणि आत जावे असे तिच्याही मनात येत नाही.

वरवर पाहता किरकोळ वाटणाऱ्या या दृश्यात आपल्या समाजाची एक मोठी चूक सामावलेली आहे. कला शिकण्याचे वय म्हणजे बालपण, आणि मोठ्यांचे काम म्हणजे शुल्क भरणे, मुलाला पोहोचविणे आणि स्नेहसंमेलनात टाळ्या वाजविणे, अशी वाटणी आपण नकळत करून टाकली आहे. साहित्य, संगीत आणि कला यांपासून वंचित राहिलेल्या माणसाला शेपूट-शिंगांवाचूनचा पशू म्हणणारे भर्तृहरीचे सुभाषित प्रत्येक बक्षीससमारंभात उद्धृत केले जाते. त्या सुभाषितात वयाची अट नाही, याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. ते समोर बसलेल्या मुलांपेक्षा मागच्या रांगेतील पालकांनाच अधिक लागू आहे.

साखळी कोठे तुटते?

मुलांना गाणे शिकविण्याचा उत्साह आजच्या मध्यमवर्गात निश्चित आहे. तथापि या उत्साहाचे पुढे काय होते? प्रारंभिक होते, प्रवेशिका होते, एखादी मध्यमेपर्यंत जाते आणि नववी-दहावीचे वर्ष उजाडले की वर्ग बंद होतो. पेटी कपाटावर चढते, तबल्याच्या जोडीवर खोळ चढते आणि ती खोळ पुन्हा उतरत नाही. याचा दोष अभ्यासक्रमाच्या ओझ्यावर ढकलणे सोपे आहे. परंतु खरे कारण घरातच आहे. मूल ज्या घरात परतते, त्या घरात कुणीच गात नसते. आठवड्यातील दोन तास वर्गात जे कानावर पडते, त्याला उरलेल्या वेळात घरातून प्रतिसाद मिळत नाही. घरात कुणी बोलत नसलेली भाषा केवळ शिकवणीच्या बळावर टिकत नाही. गाण्याचेही तसेच आहे.

पूर्वीच्या घरांत शास्त्रीय संगीत असेच असे नाही. पण गाणे होते, आणि ते मोठ्यांचे होते. जात्यावरची ओवी, पहाटेची भूपाळी, दिवेलागणीची आरती, देवळातला हरिपाठ या सगळ्यांत मोठी माणसे गात आणि मुले ऐकत. मुलाला गाणे 'शिकवावे' लागत नसे. ते त्याच्या भोवती असे. आज आरतीदेखील ध्वनिमुद्रित लावली जाते आणि घरातील मंडळी हात जोडून उभी राहतात. घरातील मोठ्यांचा आवाज असा थांबला आणि आपण मुलांकडून सुराची अपेक्षा करू लागलो. म्हणूनच प्रौढांचे संगीतवर्ग हा निवृत्तांच्या करमणुकीचा विषय नाही. मुलांचे गाणे टिकायचे असेल तर आधी पालकांचे गाणे सुरू झाले पाहिजे, इतका त्याचा संबंध सरळ आहे.

इतिहासाची साक्ष

ज्या संस्थांनी आधुनिक काळात हिंदुस्थानी संगीत घराघरांत पोहोचविले, त्यांच्या मुळाशी प्रौढ विद्यार्थीच होते, हे आज विसरले गेले आहे. १८७० साली मुंबईत पारसी गायन उत्तेजक मंडळी स्थापन झाली. तिचे सभासद पेशेवर गवई नव्हते. आपापला व्यवसाय सांभाळून संगीताची आवड जोपासणारी ती मंडळी होती आणि त्यांना शिकविण्यासाठी जाणकार बुवा आणि उस्ताद येत असत. १८८४ साली या मंडळीत चोवीस वर्षांचा एक तरुण दाखल झाला. त्याचे नाव विष्णु नारायण भातखंडे. पुढे ते वकील झाले, पण शिकणे सुटले नाही. त्यांनी देशभर प्रवास केला, घराण्याघराण्यांतील चिजा मिळविल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग सिद्ध केले. आज संगीताचा कोणताही विद्यार्थी ज्या पुस्तकांवाचून पुढे जाऊ शकत नाही, ती पुस्तके गवयाच्या घरात न जन्मलेल्या, वयात आल्यावर तालमीला बसलेल्या एका हौशी विद्यार्थ्याच्या चिकाटीतून निर्माण झाली आहेत. त्या मंडळीने 'आता या वयात काय?' असा प्रश्न विचारला असता, तर नुकसान कुणाचे झाले असते?

दुसरे विष्णु म्हणजे पलुस्कर. कुरुंदवाडात १८७२ साली जन्मलेल्या या मुलाची दृष्टी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली आणि म्हणून तो मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकण्यासाठी गेला. संस्थानाचा आश्रय सोडून १८९६ मध्ये तो बाहेर पडला आणि ५ मे १९०१ रोजी त्याने लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. कोणा राजाच्या तैनातीवर न विसंबता जलशांचे उत्पन्न आणि लोकांच्या देणग्या यांवर ही शाळा चालली. ज्या काळी घरंदाज कुटुंबांत गाणे शिकणे हे बदनामीचे लक्षण मानले जाई, त्या काळी पलुस्करांनी सामान्य गृहस्थासाठी संगीताचे दार उघडले. १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झाले. त्याची वास्तू पुढे कर्जापायी लिलावात गेली. वास्तू गेली, पण काम थांबले नाही. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. पाठोपाठ १९३२ मध्ये विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्याआधी १९११ मध्ये भास्करबुवा बखले यांनी पुण्यातच भारत गायन समाजाची मुहूर्तमेढ रोवली होती. या संस्थेच्या नावातील 'समाज' हा शब्द सूचक आहे. गाणे हे एका घराण्याचे किंवा एका वयाचे नसून समाजाचे आहे, हीच त्यामागची धारणा होती.

पेशेवर कलावंतांच्या बाबतीतही वयाची भीती फारशी खरी नाही. केसरबाई केरकर लहानपणापासून गात होत्या. तरीही तिशीच्या उंबरठ्यावर, १९२१ साली, अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांची तालीम रीतसर सुरू झाली. आधी शिकलेले बाजूला ठेवून त्या वयात पुन्हा स्वरसाधनेला बसणे ही सोपी गोष्ट नव्हे. अर्थात केसरबाईंची प्रतिभा प्रत्येकाकडे नसते. पण पुन्हा विद्यार्थी होण्याची तयारी प्रत्येकाला ठेवता येते.

फडावरची शाळा

खरे पाहता महाराष्ट्राला प्रौढांच्या संगीतशिक्षणाची कल्पना नव्याने शिकविण्याची गरजच नाही. गावोगावची भजनी मंडळी म्हणजे प्रौढांची सर्वांत जुनी संगीतशाळा होय. तेथे प्रवेशपरीक्षा नाही, शुल्क नाही, वयोमर्यादा नाही. दिवसभर नांगर धरलेला किंवा दुकानात तराजू धरलेला माणूस रात्री टाळ घेऊन उभा राहतो. पहिली काही वर्षे तो मागच्या रांगेत उभे राहून शेजाऱ्याच्या हाताकडे पाहून टाळ वाजवितो. चाल अंगवळणी पडली की पुढे सरकतो. ज्याचा हात चालतो तो पखवाजाकडे वळतो, ज्याचा गळा चालतो तो चाल सांगू लागतो, आणि ज्याचे आचरण सर्वांना मान्य असते त्याच्या गळ्यात वीणा येते. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन करून कीर्तन-प्रवचनाच्या शिक्षणाला शिस्त दिली. पण त्या शिस्तीच्या खालचा पाया हा फडावर उभे राहून शिकणाऱ्या प्रौढ टाळकऱ्यांचाच होता आणि आहे.

गोमंतकातही हेच दिसते. तेथील गावांत भजन हा देवळाच्या चौकातील जिवंत व्यवहार आहे आणि कला अकादमीच्या भजनस्पर्धांत मुलांबरोबर पुरुषांचे व महिलांचे स्वतंत्र गट असतात. नोकरी-धंदा सांभाळणारी माणसे स्पर्धेसाठी रात्री एकत्र बसतात, कुणा जाणत्याला बोलावून चाली बसवून घेतात, पखवाजाची बाजू पक्की करतात. त्यातून जो अभ्यास घडतो तो कोणत्याही वर्गापेक्षा कमी नसतो.

शहरात आलेल्या मध्यमवर्गाने मात्र हा फड मागे सोडला आणि त्याच्या जागी दुसरे काही उभे केले नाही. जे उभे राहिले ते मुलांसाठी.

थांबलेले गाणे

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती अधिक हळवी आहे. आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी स्त्रियांचे गाणे त्यांच्या इच्छेने थांबलेले नाही. लग्नाआधी दोन-तीन परीक्षा झालेल्या असतात, दाखवण्याच्या कार्यक्रमात एक गाणे म्हणून झालेले असते, आणि सासरी गेल्यावर त्या गाण्याचे नावही कुणी काढलेले नसते. घर लहान, माणसे पुष्कळ. पहाटे सूर लावायला जागा नाही आणि रात्री बळ नाही. पुढे मुले, त्यांच्या शाळा, सासूसासऱ्यांची आजारपणे. चाळीस वर्षांनी घर रिकामे होते तेव्हा आवाज बदललेला असतो आणि धीर खचलेला असतो. ज्या समाजाने मुलगी उपवर झाल्यावर तिच्या गाण्याचे कौतुक केले आणि ती सून झाल्यावर ते थांबवले, त्या समाजावर तिचे एक देणे आहे. गल्लोगल्ली चालणारी महिला भजनी मंडळे हा या देण्याचा काही अंश फेडत आहेत. पेटी धरायला शिकलेल्या, भजनी ठेका सांभाळणाऱ्या आजीकडे घरातील नातवंडे निराळ्या नजरेने पाहू लागतात, हा अनुभव अनेक कुटुंबांनी घेतला आहे.

पुरुषांची अवस्था वेगळी, पण कमी केविलवाणी नाही. बायका मंडळात जातात, एकमेकींकडून शिकतात, चुकले तर हसतात. निवृत्त पुरुषाला मात्र चुकण्याची लाज वाटते. पस्तीस वर्षे ज्याने कचेरीत इतरांच्या चुका काढल्या, त्याला दहा वर्षांच्या मुलासमोर बेसूर होणे सहन होत नाही. म्हणून तो बागेच्या बाकावर बसून राजकारणावर बोलतो. त्याच्यासाठी स्वतंत्र वर्ग असेल, सोबतीला त्याच्याच वयाची चार माणसे असतील, तर तोही बसेल. त्याच्या लाजेवर उपदेश करून उपयोग नाही. लाज वाटणार नाही अशी जागा निर्माण केली पाहिजे.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

पहिला आक्षेप नेहमीचाच आहे: 'या वयात शिकून कोण मोठा गवई होणार आहे?' कुणीही होणार नाही. परंतु प्रत्येक मूल तरी गवई होते काय? संगीताच्या परंपरेला जितकी तानसेनांची गरज असते तितकीच कानसेनांची असते. समेवर मान कधी हलवावी हे ज्याला कळते असा श्रोता सभागृहात नसेल, तर व्यासपीठावरील कलावंत हळूहळू टाळ्यांसाठी गाऊ लागतो. ज्याने स्वतः सहा महिने षड्ज लावण्याचा प्रयत्न केला आहे, त्यालाच दुसऱ्याच्या षड्जाची किंमत कळते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो आणि तो अधिक गंभीर आहे. संगीत ही आयुष्यभराची साधना. आठवड्याला दोन तासांच्या वर्गांनी तिचा बाजार होईल, पातळी घसरेल, असे त्यांना वाटते. ही भीती अगदीच निराधार नाही. तीन महिन्यांत मंचावर गाण्याची हमी देणाऱ्या जाहिराती सर्वत्र दिसतात. ध्वनिमुद्रित साथीवर सिनेगीते म्हणणाऱ्या 'कराओके' मंडळांचेही पेव फुटले आहे. परंतु या मंडळांत जाणाऱ्या माणसांची टवाळी करण्याआधी त्यांची तहान ओळखली पाहिजे. पन्नाशीनंतर माणसांना गावेसे वाटते आहे, चार लोकांत उभे राहून आवाज मोकळा करावासा वाटतो आहे, हे चांगलेच लक्षण आहे. त्यांना विहीर दाखविणारे कुणी नसेल तर ते नळावर जातील. सुगम संगीताच्या ओढीने आलेल्या माणसाला चांगला शिक्षक यमनापर्यंत नेऊ शकतो. पण तो आधी आला तर पाहिजे.

तिसरी बाब अर्थकारणाची आहे, आणि तिच्याविषयी बोलण्याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. विशारद, अलंकार झालेल्या तरुण शिक्षकांना मुलांच्या शाळा सुटल्यानंतरचे दोन-अडीच तास सोडले तर काम नसते. सकाळची आणि दुपारची वेळ रिकामी जाते. प्रौढांचे वर्ग त्या वेळेत भरू शकतात. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा सर्वांना अभिमान वाटला. पण मानांकनाने वाद्ये विकली जात नाहीत. वाजविणाऱ्यांमुळे विकली जातात. भोपळ्याचा तंबोरा घडविणाऱ्या कारागिराचा मुलगा त्याच व्यवसायात राहायचा असेल, तर तंबोरा जुळवू शकणारी माणसे समाजात वाढली पाहिजेत.

प्रौढांना शिकविण्याची रीत

प्रौढांचे वर्ग सुरू होत नाहीत असे नाही. ते टिकत नाहीत. याचे मुख्य कारण असे की मुलांचाच अभ्यासक्रम, मुलांच्याच पद्धतीने, मोठ्यांच्या गळी उतरविला जातो. वस्तुतः दोघांच्या क्षमता आणि अडचणी निराळ्या आहेत. ज्या स्त्रीचा आवाज तरुणपणी काळी चारमध्ये सहज फिरत असे, तो साठीत खाली उतरलेला असतो. तिला लहान मुलींच्या पट्टीत गायला लावले तर गळा ओढला जातो आणि ती दोन महिन्यांत वर्ग सोडते. तिला तिची पट्टी शोधून दिली पाहिजे, मंद्र सप्तकात शांतपणे स्वर स्थिर करू दिला पाहिजे. मोठ्या माणसाची बोटे तबल्यावर लवकर वळत नाहीत, श्वास कमी पुरतो, पाठांतर मंद होते. पण त्याच्याजवळ मुलांकडे नसलेल्या दोन गोष्टी असतात. शब्दांचा अर्थ त्याने जगलेला असतो, आणि आयुष्यभर ऐकलेल्या गाण्यांचे भांडार त्याच्या कानात असते. वर्षानुवर्षे म्हटलेल्या अभंगातला राग कोणता, हे ज्या दिवशी त्याला उमगते, त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठा असतो.

परीक्षा असावी की नसावी? ज्यांना द्यायची आहे त्यांनी अवश्य द्यावी. पण परीक्षा हा वर्गाचा हेतू होता कामा नये. प्रौढांच्या वर्गाचे वार्षिक फळ म्हणजे एखादे सामूहिक भजन, कोजागरीची बैठक, वस्तीतील उत्सवात पेटी-तबल्यावर घरच्याच माणसांनी केलेली साथ. चित्रकलेलाही हाच न्याय लागू आहे. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा शालेय विद्यार्थ्यांसाठी आहेत. त्यांच्या आईवडिलांनी कुंचला हाती धरावा यासाठी वस्तीत काय सोय आहे? रविवारी सकाळी देवळाच्या घाटावर किंवा जुन्या वाड्यासमोर बसून चार मोठ्या माणसांनी रेखाटन केले, तर ती वास्तू त्यांना आयुष्यात प्रथमच नीट दिसेल.

कुलूपबंद सभागृहे

या सर्वांसाठी पैसा कोठून आणायचा, असा प्रश्न विचारला जाईल. खरी अडचण पैशाची नाही, जागेची आहे. आणि जागा आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रौढ शिक्षण आणि आजीवन अध्ययन यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. प्रौढ शिक्षण म्हणजे केवळ अक्षरओळख नव्हे. कला आणि संस्कृती यांचे निरंतर शिक्षणही त्यात येते, असे त्या धोरणात स्पष्ट म्हटले आहे. त्यासाठी शाळांच्या इमारती शालेय वेळेनंतर आणि सुट्टीच्या दिवशी वापराव्यात, सार्वजनिक ग्रंथालयांच्या जागाही उपयोगात आणाव्यात, असेही सुचविले आहे. २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी १०३७.९० कोटी रुपये खर्चाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला गेला, त्याच्या पाच घटकांतही निरंतर शिक्षणाचा समावेश आहे. निरक्षरांना साक्षर करण्याला अग्रक्रम मिळणे योग्यच आहे. पण धोरणातील कलाशिक्षणाचा शब्द कागदावरच राहावा, हे योग्य नाही. सायंकाळी सहानंतर बहुतेक शाळांच्या फाटकांना कुलूप असते. मंगल कार्यालये लग्नाच्या तिथी वगळता रिकामी असतात, गृहनिर्माण संस्थांची सभागृहे वर्षातून एकदा वार्षिक सभेसाठी उघडतात, आणि गावोगावच्या मंदिरांचे सभामंडप दुपारभर ओस पडलेले असतात.

सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेच्या संस्थाचालकांनी आठवड्यातून दोन सायंकाळी एक खोली द्यावी. एक पेटी, तबल्याची एक जोडी, एक इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि दोन सतरंज्या एवढ्यावर पंधरा जणांचा वर्ग सुरू होतो. कपाटांवर धूळ खात पडलेल्या पेट्या खाली काढल्या तर विकतही काही घ्यावे लागणार नाही. शिक्षकाला मात्र वेळेवर आणि सन्मानाने मानधन मिळाले पाहिजे. सेवाभावाच्या नावाखाली कलावंताला फुकट राबविण्याची सवय समाजाने सोडली पाहिजे. ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांचा भार इतरांनी वाटून घ्यावा. वर्गात जात, शिक्षण, हुद्दा यांचा विचार नसावा. एकाच सतरंजीवर बसून निवृत्त अधिकारी आणि त्याच इमारतीतील घरकाम करणारी बाई एका सुरात गाऊ लागतील, तेव्हा समरसतेवर निराळे भाषण देण्याची गरज पडणार नाही.

पलुस्करांची मुंबईतील वास्तू लिलावात गेली, पण तिथे शिकलेली माणसे गावोगाव गेली आणि विद्या टिकली. इमारतींपेक्षा शिकणारी माणसे अधिक टिकाऊ असतात, हा त्या घटनेचा धडा आहे. शिकणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ती दूर कोठे नाहीत. रोज सायंकाळी वर्गाच्या पायरीवरच बसलेली असतात. आतल्या बाईंनी दार थोडे अधिक उघडावे, सतरंजी हातभर पुढे सरकवावी आणि त्या आईला आत बोलवावे. भाजीची पिशवी भिंतीला टेकवून ठेवता येते. त्या रात्री मुलगी सरावाला बसेल तेव्हा तिच्या आवाजाला घरातच दुसरा एक आवाज साथ देईल.